प्रौढांमधील एडीएचडी आणि जीवनबदलांच्या काळातील मार्गदर्शन

एडीएचडी, अर्थात अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. तिची सुरुवात बालपणात होते आणि अनेकांच्या बाबतीत ती प्रौढ वयातही टिकून राहते. लक्ष टिकवणे, कामाला हात घालणे, वेळेचा अंदाज बांधणे आणि आवेग आवरणे या गोष्टी अशा व्यक्तीला इतरांपेक्षा कितीतरी जड जातात. शिक्षणासाठी घर सोडणे, विवाह, बढती, आईवडिलांचे निधन, निवृत्ती अशा वळणांवर ही अडचण एकाएकी तीव्र होते. पुष्कळांचे निदानही अशाच वळणावर प्रथम होते. या काळात दिले जाणारे व्यवहारकेंद्री मार्गदर्शन ‘एडीएचडी कोचिंग’ या नावाने ओळखले जाते.

संज्ञा

मराठीत या विकारासाठी सर्वमान्य संज्ञा अद्याप स्थिरावलेली नाही. ‘अतिचंचलता’ हा शब्द अधिक प्रचलित असला, तरी प्रौढांच्या बाबतीत तो दिशाभूल करतो. वयाबरोबर धावणे, उड्या मारणे ही बाह्य चंचलता ओसरते आणि मागे आतली अस्वस्थता, विसराळूपणा व दिरंगाई उरते. ‘कोचिंग’ हा शब्दही जपून घ्यावा लागतो. महाराष्ट्रात कोचिंग म्हटले की शिकवणी वर्ग डोळ्यांसमोर येतो. येथे मात्र कोणी विषय शिकवत नाही. व्यक्तीला काय करायचे हे बहुधा ठाऊक असते. ते घडावे कसे, याची मांडणी तिच्यासोबत बसून करणे, एवढाच या कोचिंगचा अर्थ आहे.

प्रौढ वयातील स्वरूप

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांच्या मांडणीनुसार एडीएचडी हा ज्ञानाचा अभाव नसून ज्ञान आणि कृती यांच्यातील दुवा कच्चा असण्याचा प्रश्न आहे. नियोजन, स्मरणात धरून काम करणे, प्रतिक्रिया थोपवणे आणि भावना सावरणे या कार्यांना एकत्रितपणे ‘कार्यकारी क्षमता’ म्हणतात. एडीएचडीत त्याच अशक्त असतात. वेळेचे भान हे यातील ठळक उदाहरण होय. अशा व्यक्तीला ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’ असे दोनच काळ जाणवतात, असे या क्षेत्रात नेहमी सांगितले जाते. पुढच्या महिन्यातील तारीख तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते आणि मग ती तारीख उद्यावर येऊन ठेपते.

आवडीच्या कामात हीच व्यक्ती तहानभूक विसरून रात्रभर गुंतून राहू शकते. त्यामुळे ‘मनात आणले तर जमते, म्हणजे एरवी आळसच’ असा निष्कर्ष घरचे आणि शिक्षक सहज काढतात. ‘हुशार आहे, परंतु अभ्यासात लक्ष नाही’ हा प्रगतिपुस्तकातील शेरा शिक्षकांनी पिढ्यान् पिढ्या लिहिला. त्यातील काही मुले तरी याच अवस्थेतील असली पाहिजेत. आळशी, धांदरट, वेंधळा ही विशेषणे वीस-पंचवीस वर्षे ऐकल्यावर माणूस स्वतःही ती खरी मानू लागतो. चिंताविकार, नैराश्य व व्यसनाधीनता यांचे प्रमाण एडीएचडी असलेल्या प्रौढांत अधिक आढळते.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के असल्याचे दिसते. संगोपनातील लाड किंवा धाक हे त्याचे कारण नव्हे. जगभरातील प्रौढांत हे प्रमाण साधारणपणे २.५ ते ३ टक्के मानले जाते.

इतिहास

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये लंडनमधील व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले. दीर्घकाळ हा केवळ बालपणाचा विकार समजला गेला. १९६८ च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत तर ‘बालपणातील’ हा शब्द त्याच्या नावातच होता. १९८० मध्ये लक्ष टिकवण्यातील अडचण नावात आली, १९८७ मध्ये आजचे नाव मिळाले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत प्रौढांसाठी निकष किंचित सैल करण्यात आले. लक्षणांच्या दोन गटांपैकी एका गटातील नऊपैकी सहा लक्षणे मुलांत आवश्यक असतात, तर १७ वर्षे व त्यापुढील वयात पाच पुरेशी ठरतात. मात्र काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीची असली पाहिजेत आणि ती घर, शाळा, नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत.

कोचिंगची कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकेत रुजली. एडवर्ड हॅलोवेल व जॉन रेटी या मनोविकारतज्ज्ञांच्या १९९४ मधील ‘ड्रिव्हन टू डिस्ट्रॅक्शन’ या ग्रंथाने तिचा मोठा प्रसार केला.

जीवनबदल आणि बाहेरची चौकट

शाळेत घंटा असते, वेळापत्रक असते. घरी आई हाका मारून उठवते, डबा भरून देते. वडील फी भरण्याची तारीख लक्षात ठेवतात. एडीएचडी असलेल्या मुलाच्या आत जी चौकट पुरेशी बळकट नसते, ती ही माणसे बाहेरून पुरवत असतात. मुलाला किंवा त्यांना स्वतःला याची जाणीव नसते. जीवनात बदल होतो तेव्हा नेमकी ही चौकट निखळते. विकार वाढलेला नसतो; आधार गेलेला असतो. हा भेद न कळल्यास मार्गदर्शनाची सारी दिशाच चुकते.

बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीसारख्या तालुक्याच्या गावातून बारावीनंतर पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला गेलेला विद्यार्थी उदाहरणादाखल घेता येईल. गावी दहावी-बारावीत चांगले गुण मिळवणारा हा मुलगा वसतिगृहात सकाळच्या तासांना उठत नाही, सबमिशन राहतात, परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत टळते. पहिल्या वर्षाअखेर एटीकेटीची यादी घरी कळते, तेव्हा ‘पोराला शहराचे वारे लागले’ असे निदान गावात होऊन गेलेले असते. वस्तुतः तो बिघडलेला नसतो. त्याला उठवणारे, आठवण देणारे आणि पुस्तक उघडून समोर बसवणारे माणूस तेवढे दीड-दोनशे किंवा त्याहून अधिक किलोमीटर मागे राहिलेले असते.

स्त्रियांच्या बाबतीत हे वळण बहुधा विवाहानंतर किंवा मातृत्वानंतर येते. मुलींमध्ये लक्ष न टिकणे हे लक्षण प्रधान असते, दंगा कमी असतो. म्हणून शाळेत त्यांच्याकडे कोणाचे ध्यान जात नाही. सासरी गेल्यावर मात्र गॅस सिलिंडर, दुधाचा हिशेब, मुलांचे डबे, औषधे, सणवार, पाहुणे अशी एक न लिहिलेली दिनदर्शिका तिच्या एकटीच्या डोक्यात चालू राहावी, अशी अपेक्षा असते. तेथील चूक ही विसर न मानता बेफिकिरी किंवा माहेरच्या वळणाचा दोष मानली जाते. स्वतःच्या मुलाची तपासणी चालू असताना डॉक्टरांचे प्रश्न ऐकून आईला आपले बालपण आठवावे आणि तिचेही निदान व्हावे, असे प्रसंग सर्वत्र आढळतात.

बढती हे सुखाचे वळण. पण तेही घातक ठरू शकते. वर्गात रंगून शिकवणारा शिक्षक मुख्याध्यापक होतो आणि पोषण आहाराच्या नोंदी, देयके, अहवाल यांच्या ढिगाऱ्याखाली सापडतो. त्याला ज्या कामात गती होती ते काम सुटते आणि ज्यात नव्हती तेच हाती येते.

शेतकरी कुटुंबात वडिलांच्या निधनाने असाच आघात होतो. पेरणीला पाऊस हाक देतो, काढणीला पीकच थांबू देत नाही. शेतीची ही लय एडीएचडी असलेल्या माणसाला पुष्कळदा मानवते. परंतु वारसनोंद, पीककर्जाचे नूतनीकरण, पीकविम्याचा अर्ज, ई-पीक पाहणी या कामांना निसर्गाची हाक नसते, मुदत असते. ती कामे वडील सांभाळत होते हे मुलाला मुदत टळल्यावर उमगते, आणि तोवर नुकसान रुपयांत मोजण्याजोगे झालेले असते. दुःखाच्या काळात एकाग्रता सर्वांचीच ढळते. येथे मात्र वर्ष उलटूनही कागद जागचे हलत नाहीत.

निवृत्तीनंतर कार्यालयाची वेळच संपते. वृत्तपत्र वाचता वाचता दुपार होते, आणि नोव्हेंबरात द्यावयाचा हयातीचा दाखलाही राहून जातो. येथे एक दक्षता आवश्यक आहे. उतारवयात नव्याने सुरू झालेला विसराळूपणा एडीएचडी नव्हे. त्यासाठी स्मृतिभ्रंश, थायरॉइडचे विकार, नैराश्य, निद्राविकार यांची तपासणी प्रथम झाली पाहिजे.

मार्गदर्शनाच्या पद्धती

पहिल्या भेटींत गेलेल्या आधारांची मोजदाद केली जाते. पूर्वी सकाळी कोण उठवत असे, पैशांचा हिशेब कोण ठेवत असे, काम सुरू करताना शेजारी कोण असे, हे विचारले की काय निखळले ते स्पष्ट होते. मग त्या जागी नवा आधार बसवायचा असतो. ‘इच्छाशक्ती वाढवा’ हा उपदेश येथे निरुपयोगी आहे, कारण चष्मा लागलेल्याला डोळे ताणून वाचण्यास सांगण्यापेक्षा तो वेगळा नाही.

वेळ आणि स्मरण डोक्याबाहेर, डोळ्यांसमोर आणणे हे यातील मुख्य तत्त्व. भ्रमणध्वनीतील गजर उपयोगी असला तरी तो बंद करून विसरता येतो. भिंतीवरचे मोठे घड्याळ आणि लिहिता येणारी दिनदर्शिका अधिक टिकतात. मराठी घरांतील कालनिर्णयावर दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहिण्याची पद्धत जुनीच आहे. कर्जाचा हप्ता, परीक्षेचा अर्ज, औषधाची वेळ त्याच चौकोनात आली की नवे साधन शिकावे लागत नाही.

मोठे काम पहिल्या लहान हालचालीपर्यंत फोडले जाते. ‘वारसनोंद करणे’ ही कृती नव्हे. ‘मृत्यूचा दाखला पिशवीत ठेवणे’ ही कृती आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली जर-तर योजना येथे वापरली जाते. ‘सोमवारी तालुक्याला गेलो, तर बाजाराआधी तलाठी कार्यालयात जाईन’ असा निश्चय प्रसंगाला बांधलेला असतो, म्हणून तो नुसत्या निश्चयापेक्षा अधिक वेळा पार पडतो.

दुसऱ्याच्या सोबतीने काम करणे हा आणखी एक परिणामकारक उपाय होय. सोबत्याने मदत करावी असे नाही, त्याने आपले काम करत शेजारी बसावे एवढेच. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी तालुक्या-तालुक्यांत निघालेल्या अभ्यासिका याच तत्त्वावर चालतात. घरी पुस्तक न उघडणारा मुलगा तेथे चार तास बसतो, याचे कारण सभोवतालची वाकलेली डोकी हे आहे.

दोन भेटींच्या दरम्यान छोटा दूरध्वनी किंवा संदेश असतो. काम झाले नसल्यास लाज न देता ‘अडले कोठे?’ एवढेच विचारले जाते, आणि अडलेली पायरी आणखी लहान केली जाते. कोणतीही नवी रचना काही आठवड्यांनी शिळी होते व टाकून दिली जाते. अनुभवी मार्गदर्शक हे गृहीत धरून दुसरी रचना आधीच योजून ठेवतो. कुटुंबीयांनाही एखाद्या भेटीत बोलावणे हितकारक असते. बायको आठवण देणारी आणि नवरा देण्यास चुकणारा (किंवा उलट) अशी वाटणी झाली की संसार शाळेसारखा होतो. आठवणीचे काम माणसाकडून काढून भिंतीकडे सोपवल्याने तो ताण उतरतो.

पुरावा आणि मर्यादा

कोचिंगवरील संशोधन प्रामुख्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेले आणि आकाराने लहान आहे. निष्कर्ष आशादायक असले तरी निर्णायक म्हणता येत नाहीत. बोधात्मक वर्तनोपचाराचा पुरावा यापेक्षा भक्कम आहे. स्टीव्हन सॅफरेन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये औषध घेत असूनही लक्षणे उरलेल्या ८६ प्रौढांवर प्रयोग केला. त्यात हा उपचार शिथिलीकरणापेक्षा सरस ठरला. त्याच वर्षी मेरी सोलान्टो यांनी ८८ प्रौढांवर केलेल्या प्रयोगात नियोजन व वेळेचे व्यवस्थापन शिकवणारी गटचिकित्सा केवळ आधार देणाऱ्या गटापेक्षा प्रभावी दिसली. कोचिंगमधील अनेक तंत्रे याच उपचारांशी मिळतीजुळती आहेत.

कोचिंग हा औषधोपचाराचा पर्याय नाही. भारतात मिथाइलफेनिडेट व अ‍ॅटोमॉक्सेटिन ही औषधे मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने दिली जातात. त्यांपैकी मिथाइलफेनिडेट हे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली नियंत्रित असल्याने लहान गावांत सहज मिळत नाही. शहरात शिकणाऱ्याने सुटीत गावी येताना पुरेसा साठा व चिठ्ठी सोबत ठेवणे, ही बाब क्षुल्लक वाटली तरी मार्गदर्शनाचाच भाग ठरते.

भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ‘कोच’ या नावाने काम करण्यास अशी कोणतीही कायदेशीर अट नाही. निदान करणारा, औषध बंद करण्यास सांगणारा किंवा हमी देणारा कोच टाळावा.

महाराष्ट्रातील स्थिती

‘तारे जमीन पर’ (२००७) या चित्रपटामुळे वाचनातील अक्षमता घरोघरी कळली; प्रौढांच्या एडीएचडीला असे भाग्य लाभले नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. साहजिकच नोकरीच्या ठिकाणी सवलत मागण्यास कायद्याचा थेट आधार तोकडा पडतो. ठाणे येथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने मराठीतून मानसिक आरोग्याविषयी विपुल लोकशिक्षण केले आहे. खासगी मार्गदर्शक मात्र मुख्यतः मोठ्या शहरांत असून बरेचसे इंग्रजीतून व दूरदृश्य माध्यमातून काम करतात.

चिखली परिसरातील व्यक्तीसाठी शासकीय मार्ग जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा, म्हणजे बुलढाणा येथील जिल्हा रुग्णालयाचा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. तपासणीस जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके न्यावीत आणि शक्य असल्यास बालपण पाहिलेली एखादी वडीलधारी व्यक्ती सोबत असावी. बाराव्या वर्षापूर्वीची लक्षणे ठरवण्यास याहून चांगला पुरावा नसतो. या एका बाबतीत लहान गाव महानगरापेक्षा सोयीचे आहे. तेथे चौथीचे गुरुजी पुष्कळदा अजून त्याच गल्लीत राहत असतात.