दलम गावात येतं तेव्हा

1980. पावसाळा तोंडावर आला आहे. तुम्ही सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठावर उभे आहात. पलीकडचा काठ आंध्रातल्या आदिलाबादचा. गडचिरोली नावाचा जिल्हा अजून जन्मायचा आहे, तो 26 ऑगस्ट 1982 ला होईल. तोवर हा सगळा मुलूख चंद्रपूरचाच. डोंग्यातून पाच-सात पोरं उतरतात. अंगावर साधे कपडे, खांद्याला पिशव्या, बोली तेलुगू. गावात कुणाकडे थांबायचं, हेसुद्धा त्यांना धड माहीत नाही.

त्यांना कुणी पाठवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. याच वर्षी 22 एप्रिलला कोंडापल्ली सीतारामय्या यांनी पीपल्स वॉर हा नक्षलवादी पक्ष स्थापन केला. तेलंगणात जमीनदारांविरुद्धचा लढा पेटलेला होता आणि पोलिसांचा रेटा वाढला तर मागे सरकायला रान हवं होतं. म्हणून गोदावरी-प्राणहितेच्या अलीकडे तुकड्या धाडल्या गेल्या. हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढच्या पंचेचाळीस वर्षांचा अर्थ त्यात आहे. इथल्या माडिया आदिवासींच्या मुक्तीचा विचार नंतर आला, आधी हवा होता तो आसरा. 2 नोव्हेंबरला मोयाबिनपेठ्यात या तुकड्यांतला पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने पडतो. दंडकारण्यातला संघटनेचा तो पहिला बळी.

आता वर सरका, आलापल्लीहून भामरागडकडे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम इथे एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की पलीकडची गावं जगापासून तुटतात. हेमलकशात लोकबिरादरीचा दवाखाना 1973 पासून चालू आहे. त्यापलीकडे सरकार म्हणून माणसांना ठाऊक असतो तो फक्त जंगलाचा गार्ड. लाकूड तोडलं म्हणून तो कोंबडी नेतो, झोपडीला बांबू आणला म्हणून पैसे मागतो.

मे महिना, ऐंशीच्या दशकाचा मध्य. तुम्ही तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं विकत घेण्याच्या जागी, बसला आहात. बायका पहाटेपासून रान तुडवून आल्या आहेत. सत्तर पानं मोजायची, सालीने बांधायची, की एक पुडा. मुकादम पुडे उलटेपालटे करतो, दोन-चार बाद करतो आणि पुड्याला काही पैसे टेकवतो. संध्याकाळी ती तेलुगू पोरं येतात. आता त्यांना मोडकंतोडकं माडिया येतं. ती विचारतात, पुड्याला किती मिळतात? पुढच्या हंगामात ठेकेदाराला चिठ्ठी जाते, आणि भाव वाढतो. कागद गिरणीसाठी बांबू तोडणाऱ्यांची मजुरीही वाढते. गार्डची कोंबडी बंद होते.

हे खरं घडलं. ते नाकारून पुढचं काहीच कळणार नाही. माणसं आधी भारावली ती या भावाने. फेब्रुवारी 1984 मध्ये अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला पीपल्स वॉरच्या उघड आघाडीचं, आदिवासी किसान मजदूर संघटनेचं अधिवेशन ठरलं, तेव्हा ते मोडून काढायला पोलिसांना मोठा बंदोबस्त लावावा लागला. उघड संघटनेची वाट तिथे बुजली आणि बंदुकीची रुंदावली.

आता 2006 च्या हिवाळ्यातली एक रात्र. लाहेरीच्या पलीकडचं, पंचवीसेक घरांचं गाव. तुम्ही कुडाच्या भिंतीला पाठ लावून बसला आहात. अंगणात डुकरांचं खोपटं, चुलीवर जावा, म्हणजे पातळ पेज. आधी येतात ती गावातलीच दोन पोरं, एकाच्या खांद्यावर भरमार बंदूक. ही मिलिशिया. दिवसा ती धान मळतात आणि रात्री पहारा देतात. त्यांनी वाटेवर कुणी परका नाही असं सांगितलं, की अकरा-बारा जणांचं दलम, म्हणजे सशस्त्र तुकडी, गावात शिरतं. शिरताच सेंट्री लागतात, दोन पाणवठ्याकडे आणि एक टेकाडावर. घराघरांतून मूठ-मूठ तांदूळ गोळा होतो. तो गोळा करणारे पुन्हा गावातलेच, संघमचे, म्हणजे संघटनेच्या गावशाखेचे. महिला संघटनेची बाई बायकांना एका बाजूला बोलावते. मुलींची जबरदस्तीची लग्नं लावू नका, नवऱ्याने मारलं तर सांगा, असं बजावते. तिचं बोलणं खोटं नाही, बायका मन लावून ऐकतात. मग संघटनेच्या चेतना नाट्य मंचाची पोरं ढोल वाजवून गाणी म्हणतात. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे टक लावून पाहत राहते.

कमांडर माडिया आहे, एटापल्लीकडचा. तो वहीचं पान फाडून बारीक अक्षरात लिहितो, पान घडी घालून बोटाएवढं करतो आणि त्याला चिकटपट्टी गुंडाळतो. चिठ्ठीत तीन गोष्टी आहेत. ठेकेदाराचे पैसे आले. एक मुलगी दलममध्ये यायला तयार आहे. आणि गावातला एक पोरगा गडचिरोलीला पोलीस भरतीची चौकशी करून आला, त्याच्यावर संशय आहे.

तुम्ही चिठ्ठीच्या मागोमाग निघा, म्हणजे संघटना कळेल. मिलिशियाचा पोरगा ती पुढच्या गावापर्यंत नेतो. पुढची वाट त्याला ठाऊक नाही, आणि ती ठाऊक नसावी अशीच सोय आहे. चिठ्ठी एरिया कमिटीकडे पोचते. पेरमिली, गट्टा, कसनसूर, भामरागड ही दलमं अशा कमिट्यांच्या हाताखाली चालतात. तिथून ती डिव्हिजनल कमिटीकडे जाते. वाटेत तुम्हाला तीसेक जणांचा प्लाटून आडवा जातो, त्याहून मोठी कंपनी दिसते. त्यांचं काम हल्ल्याचं, गावात भाषण करायचं नाही. या सशस्त्र दळाला 2 डिसेंबर 2000 ला सैन्याचं रूप दिलं गेलं. 21 सप्टेंबर 2004 ला पीपल्स वॉर आणि माओवादी कम्युनिस्ट सेंटर एक झाले, तेव्हापासून पक्षाचं नाव भाकप (माओवादी). डिव्हिजनच्या वर दंडकारण्य स्पेशल झोनल कमिटी, तिचा मुक्काम इंद्रावतीपल्याड अबुझमाडमध्ये. तिच्याही वर सेंट्रल कमिटी, पॉलिट ब्यूरो आणि सगळ्यांत वर सरचिटणीस.

प्रत्येक पायरीवर नाव बदललेलं आहे. खऱ्या नावाने इथे कुणी कुणाला हाक मारत नाही. आणि चढत जाल तसं आणखी एक ध्यानात येईल. खाली सगळं माडिया आणि गोंडीत चालतं. वर जाऊ तसतशी तेलुगू वाढते, माडिया चेहरे कमी होतात. बस्तरचा हिडमा खूप पुढे सेंट्रल कमिटीपर्यंत पोचला, पण असे फारच थोडे. ज्यांच्या रानात ही सगळी उतरंड रचली गेली ते तिच्या बुडाशी राहिले. माझ्या मते या संघटनेचा सगळ्यात मोठा दोष हाच, आणि तो बंदुकीच्याही आधीचा आहे.

या उतरंडीच्या शेजारी गाझातल्या सशस्त्र संघटनांचा आराखडा ठेवला, तर फरक दिसतो. हमासचं पॉलिट ब्यूरो वेगळं, सल्लागारांची शूरा परिषद वेगळी आणि लढणाऱ्या कस्साम ब्रिगेड वेगळ्या. नेते दोह्यात आणि लढणारे बोगद्यात, असंही तिथे चाललं. जॉर्ज हबाश यांनी 1967 मध्ये स्थापलेली पॅलेस्टिनी पॉप्युलर फ्रंट मार्क्सवादी म्हणून माओवाद्यांना विचाराने जवळची, पण तिलाही शहरं आणि निर्वासितांच्या छावण्या होत्या. भामरागडच्या दलमला यातलं काही नाही. तेच बारा जण गावाचे शिक्षक, तेच वसुली करणारे, तेच न्यायाधीश आणि गोळी घालणारेही तेच. दाद कुणाकडे मागायची, हा प्रश्न गावाला पडतो तो इथेच.

चिठ्ठीचं उत्तर काही महिन्यांनी येतं. पैशांचा हिशेब पावला. मुलीला घ्या, तिला नवं नाव मिळतं, जुनं घरी राहतं. पुढे तिने दलममधल्या कुणाशी लग्न करायचं म्हटलं तर आधी त्या पोराची नसबंदी होईल, कारण मूल झालं की माणूस डोंगर चढत नाही. तिसऱ्या गोष्टीवर शेरा आहे, लक्ष ठेवा. पोरगा ते ऐकायला गावात थांबलेला नाही. तो रातोरात आलापल्लीला निघून गेला आहे.

समोरची बाजूही त्याच मातीची आहे. 1 डिसेंबर 1990 ला पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी स्थानिक जवानांचं पथक उभं केलं, सी-60. तेही गोंडी-माडिया बोलतात, त्यांनाही वाटा ठाऊक. तेव्हापासून रानात एका माडियाची गोळी दुसऱ्या माडियाला शोधते.

8 ऑक्टोबर 2009, विधानसभेचं मतदान तोंडावर. लाहेरीच्या जंगलात 17 पोलीस मारले जातात. 22 एप्रिल 2018, पारडं फिरलेलं. इंद्रावतीकाठी कसनासूर-बोरियाच्या रानात सी-60 दलमला गाठते. ती चकमक आणि पाठोपाठची नैनेरची मिळून 40 नक्षलवादी मारले गेल्याचं पोलीस सांगतात. पुढच्या जानेवारीत संघटना गावावर उलटते. कसनासूरच्या तिघांना खबरे ठरवून मारतात आणि प्रेतं ताडगावजवळ कोसफुंडी फाट्यावर टाकतात. घराघरांतली माणसं ताडगावच्या पोलीस ठाण्याच्या आसऱ्याला येतात. त्यांच्यात उभे राहा. सुरुवातीला आसरा शोधत दलम आलं होतं, आता दलमपासून आसरा गाव शोधतं आहे. जिल्ह्यात असे पाचशेहून अधिक नागरिक मारले गेल्याची पोलिसांची नोंद आहे, आणि त्यांत बहुतेक आदिवासी.

शेवटची उडी, 15 ऑक्टोबर 2025, गडचिरोली. 21 मे रोजी सरचिटणीस बसवराजू अबुझमाडमध्ये मारला गेला आहे. आता पॉलिट ब्यूरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती 60 जणांसह मुख्यमंत्र्यांसमोर 54 शस्त्रं ठेवतो. त्याची पत्नी तारक्का अहेरी तालुक्यातली, 1983 पासून दलममध्ये. ती 1 जानेवारीलाच शरण आली आहे. मंचासमोरच्या यादीत कोण सेंट्रल कमिटीचा, कोण झोनलचा, कोण डिव्हिजनचा, असे हुद्दे लिहिलेले आहेत आणि पुनर्वसनाची रक्कम हुद्द्याप्रमाणे ठरते.

तांदूळ गोळा करणारे, पहारा देणारे, चिठ्ठ्या पोचवणारे या यादीत नाहीत. ते आपापल्या गावी आहेत. त्यांच्यातले काही चौकीत जाऊन भरमार बंदुका जमा करतात. गावं दलमला बंदी घालणारे ठराव करतात. जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात, पुड्याचा भाव स्वतः ठरवतात आणि ठेकेदाराने पैसे थकवले तर स्वतः तगादा लावतात. भामरागड तालुक्यातल्या पेनगुंड्यात डिसेंबर 2024 मध्ये पोलीस चौकी उभी राहिली. तिथे दवाखाना, शिक्षक आणि जंगलाच्या हक्काचा कागद कधी पोचतो, ते मोजायचं काम अजून शिल्लक आहे. आणि कोसफुंडी फाट्यावर ज्यांची माणसं टाकली गेली, ती कुटुंबं त्याच संघटनेच्या माणसांच्या पुनर्वसनाची बातमी वाचताहेत. त्यांच्याशी कुणी बसून बोललं का, हे विचारल्याशिवाय तुम्ही परतू नका.