बाटची वाट

थायलंडच्या चलनाला बाट म्हणतात. २ जुलै १९९७ रोजी या बाटची जी वाट लागली, तिच्यावर अर्थशास्त्र्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले. आमच्या बँकेतल्या कुठल्याही कारकुनाने तेच व्हाउचरच्या पाठीवर लिहून दिले असते. दिवाळीला परत करण्याच्या बोलीवर शेजाऱ्याकडून उसने घ्यायचे आणि त्यातून वीस वर्षांनी पैसे सुटणारी चाळ बांधायची, एवढाच तो मामला!

त्याचे असे झाले. डॉलरला सुमारे २५ बाट, हा भाव १९८४ पासून जवळजवळ हलला नव्हता. सासूबाईंच्या मतासारखा तो कायमचाच, असे सगळे धरून चालले. परदेशी डॉलर कमी व्याजाने मिळत, घरचे व्याज चढे. १९९३ साली सरकारने परदेशी कर्जासाठी दारच उघडून दिले. मग काय विचारता! डॉलर उचलले, त्यांचे बाट केले आणि बँकॉकात मजल्यावर मजले चढवले. मजले भरपूर झाले, बिऱ्हाडे मिळेनात.

१९९६ मध्ये निर्यात अडखळली आणि धनकोंच्या कपाळाला आठ्या पडल्या. ज्याची मुदत संपे तो 'पुन्हा पाहू' म्हणण्याऐवजी 'आत्ताच द्या' म्हणू लागला. भाव टिकवण्यासाठी मध्यवर्ती बँकेने गंगाजळीतले डॉलर वायद्याने विकले. तिजोरी वरून भरलेली दिसे, पण आतले डॉलर आधीच दुसऱ्याला बोललेले! अखेर बाट मोकळा सोडावा लागला.

जानेवारी १९९८ मध्ये डॉलरला ५० हून जास्त बाट पडू लागले. शंभर डॉलरचे कर्ज अडीच हजार बाटचे होते, ते पाच हजारांच्या वर गेले. ऋणको नवीन दमडीही न घेता दुप्पट कर्जबाजारी! ५६ वित्त कंपन्यांना कायमची कुलुपे लागली. एक बडा शेअरदलाल गळ्यात खोका अडकवून फुटपाथवर सँडविच विकू लागला.

साथ इंडोनेशियात आणि दक्षिण कोरियात पोचली. कोरियात देशाचे डॉलरचे देणे फेडायला हातभार म्हणून सामान्य माणसे रांगा लावून सोने देत होती. त्यात बायकांच्या लग्नातल्या अंगठ्याही होत्या. त्यातल्या बहुतेकींनी डॉलरची नोट हातात धरलीसुद्धा नसेल. कर्जाच्या कागदावर सही एकाची असते आणि अंगठी दुसऱ्याच्या बोटातली जाते, हे मात्र ग्रंथात फारसे सापडत नाही.