आयनांचे विचरण

आयनिक संयुग, आम्ल किंवा आम्लारी पाण्यात विरघळल्यावर धन व ऋण आयन सुटे होऊन द्रावणात पसरतात. या प्रक्रियेस विचरण म्हणतात. सुटे आयन विद्युतप्रभार वाहून नेतात, म्हणून अशी द्रावणे विद्युतवाहक असतात. साखरेचे रेणू मात्र अखंड राहतात, त्यामुळे साखरेच्या पाण्यातून वीज वाहत नाही.

== इतिहास ==
विद्युतप्रवाहामुळेच आयन निर्माण होतात, अशी एकोणिसाव्या शतकात सर्वसाधारण समजूत होती. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात वेगळ्या विचाराचा पाया घातला. त्या प्रबंधाला खालची श्रेणी मिळाली. प्रवाह नसतानाही द्रावणात आयन सुटे असतात, हे त्यांनी १८८७ मध्ये स्पष्टपणे मांडले. मिठाचे विरल द्रावण तितक्याच मोल संहतीच्या साखरेच्या द्रावणापेक्षा गोठणबिंदू जवळजवळ दुपटीने खाली आणते, कारण मिठाच्या प्रत्येक एककापासून दोन कण होतात. अऱ्हेनियस यांना १९०३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

== स्वरूप ==
मिठाच्या स्फटिकात सोडिअम व क्लोराइड आयन आधीपासूनच असतात. पाण्याचे ध्रुवीय रेणू त्यांना वेढून अलग करतात. हायड्रोजन क्लोराइड वायूत मात्र आयन नसतात. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूला हायड्रोजन आयन देतो, तेव्हाच हायड्रोनिअम व क्लोराइड आयन तयार होतात. म्हणूनच कोरड्या वायूमुळे कोरड्या निळ्या लिटमस कागदाचा रंग बदलत नाही. सोडिअम हायड्रॉक्साइडमधील आयन पाण्यात केवळ सुटे होतात, तर अमोनिआ पाण्याकडून हायड्रोजन आयन घेऊन हायड्रॉक्साइड आयन निर्माण करतो.

== तीव्रता व संहती ==
आम्लाची तीव्रता त्याच्या विचरणाच्या प्रमाणावर ठरते, द्रावणातील मात्रेवर नव्हे. २५° सेल्सिअस तापमानाला लीटरमागे ०.१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या द्रावणाचा सामू सुमारे १ असतो. तेवढ्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लाचे सुमारे १.३ टक्के रेणूच विचरित होत असल्याने त्याचा सामू सुमारे २.९ असतो. तरीही सौम्य आम्ल निरुपद्रवी असतेच असे नाही. संहत ॲसेटिक आम्लाने त्वचा भाजते.

== उदासिनीकरण ==
तीव्र आम्ल व तीव्र आम्लारी यांच्या विरल द्रावणांच्या उदासिनीकरणात, आम्ल कोणतेही असले तरी, तयार होणाऱ्या पाण्याच्या प्रत्येक मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयनांपासून पाणी तयार होणे हीच त्यातील खरी अभिक्रिया असते. उरलेले आयन द्रावणात तसेच राहतात.