शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा आणि मराठी चित्रपट : 'सावकारी पाश'च्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
आर्थिक अरिष्टे दप्तरात आकडे, रोखे व कायदे यांच्या रूपाने राहतात. सामान्य प्रेक्षकांपर्यंत ती बहुधा चित्रपटांतून पोहोचतात. चित्रपटास मात्र नायक व खलनायक लागतो. या रूपांतरात इतिहासातील काय टिकते व काय निसटते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) मुंबई इलाख्यातील कापसास मोठी मागणी आली व शेतकऱ्यांना कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले, कर्जपुरवठा आटला आणि फेरजमाबंदीने शेतसारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यास तीन वर्षांची मर्यादा घातली होती. मुदत संपण्यापूर्वी सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेत. त्यावर दिवाणी न्यायालय हुकूमनामा देई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला. उठावाचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नसून कर्जखते जाळण्यावर होता. चौकशी आयोगाने शेतसाऱ्यास दोष न देता सावकारास जबाबदार धरले. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांना लागू झाला. फलटण हे नाईक निंबाळकरांचे संस्थान असल्याने त्याच्या थेट कक्षेबाहेर होते.

चित्रपटीय मांडणी :
कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट सादर केला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, कथा कोरेगावचे कादंबरीकार ना. ह. आपटे यांची, तर तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची होती. सावकारामुळे जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, असे त्याचे कथासूत्र. १९३६ मध्ये पेंटर यांनी याच विषयावर बोलपट केला.

पौराणिक चित्रपटांच्या काळात समकालीन शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर आणणे धाडसाचे होते. शेतकरी ते मजूर हे स्थित्यंतरही इतिहासाशी प्रामाणिक आहे. तथापि कापसाचा बाजार, वाढीव सारा आणि न्यायालयीन यंत्रणा या कथासूत्राच्या केंद्रस्थानी नाहीत. १८७५ चा सामूहिक प्रतिकार येथे एकट्या माणसाचे स्थलांतर होतो. अशा रीतीने पडद्यावरील खलनायक आणि आयोगाने ठरविलेला दोषी एकच ठरतात.

सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या विदर्भातील शेतकऱ्यावरील चित्रपटात दुसरे टोक दिसते. तेथे कथेच्या केंद्रस्थानी सावकार नाही. पती आत्महत्या करील या भीतीने पत्नी त्याच्यावर पाळत ठेवते आणि कुटुंब पावसाची वाट पाहते. खलनायकाची जागा निसर्ग घेतो. बाजार व धोरण पुन्हा पार्श्वभूमीतच राहतात.

निष्कर्ष :
सावकाराचे शोषण खरे होते. परंतु ते ज्या व्यवस्थेमुळे शक्य झाले ती व्यवस्था दृश्यरूपात मांडणे कठीण असते. चित्रपट दुःखाचा विश्वासार्ह साक्षीदार ठरतो, कारणांचा मात्र अपुरा. दोष एकाच व्यक्तीवर ठेवला की उपायही त्या व्यक्तीच्या बंदोबस्तापुरताच सुचतो. १८७९ च्या कायद्याने न्यायालयांस कर्जाचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार दिला, पण भाव व सारा हे प्रश्न त्याच्या बाहेरच राहिले. म्हणून इतिहासाच्या अध्यापनात असे चित्रपट दाखविताना रोखा, हुकूमनामा आणि साऱ्याचे दरही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे.