दिल्लीचा ब्राझिलियन प्रशिक्षक
१. रोबेर्तो कार्लोस (जन्म १९७३) : ब्राझीलचा डावा बचावपटू, २००२चा विश्वविजेता. १९९७मध्ये फ्रान्सविरुद्ध सुमारे ३५ मीटरवरून त्याने मारलेली फ्री किक इतकी बाहेरून गेली, की गोलपासून दूर असलेल्या बॉलबॉयने मान खाली घातली. चेंडू मात्र वळून खांबाला चाटून जाळ्यात गेला. तुर्कस्तानात सिवासस्पोर व अखिसार या संघांना शिकवून २०१५मध्ये तो इंडियन सुपर लीगमधील दिल्ली डायनामोजचा खेळाडू-प्रशिक्षक झाला. उपांत्य फेरीचा घरचा सामना दिल्लीने १-० जिंकला. पण गोव्यात फातोर्ड्याला प्रशिक्षक झिकोच्या एफसी गोवाने ३-० अशी सव्याज परतफेड केली. पुढच्या मोसमात दिल्लीत कार्लोसच्या जागी इटलीचा झाम्ब्रोट्टा आला. २०१९मध्ये क्लबनेच भुवनेश्वरला बिऱ्हाड हलवले. तोच आजचा ओडिशा एफसी.