सांबराचं गवत आणि आपली ग्रामसभा



धारणीहून परतवाड्याला जाताना एस.टी.च्या खिडकीतून कधी सांबर दिसतं. मेळघाट ओळखला जातो वाघाच्या नावाने. पण सांबर, भेकर नसतील तर वाघ खाणार काय? आणि चारा नसेल तर सांबर जगणार कशावर? म्हणून आज या रानाच्या राखणीचा इतिहास सांगते.

१८६६ साली इंग्रज सरकारने बैरागड आणि गुगामळचं जंगल राखीव केलं. रान सरकारचं झालं. कोरकू माणूस तिथेच राहिला, पण रान कसं राखावं हे त्याला कुणी विचारलं नाही. १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. पुढे बोरी, कोहा, कुंड ही गावं उठून रानाबाहेर वसली. त्यांच्या मोकळ्या शेतांवर गवत वाढलं, तिथे सांबर आणि गवे चरू लागले. जनावरांचं भलं झालं, हे खरं. त्या गवताखाली कुणाची तरी चूल होती, हेही खरं.

मग गाव जागेवर ठेवून रान राखता येत नाही का? येतं. अचलपूर तालुक्यातलं पायविहीर बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये या गावाला १९२ हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. रान उजाड होतं. ग्रामसभेने तोड आणि मोकाट चराई थांबवली, पाणी अडवलं, झाडं लावली. गवत वाढलं, जनावरं परत दिसू लागली. रानातली सीताफळं विकून गावाला पैसाही मिळाला. २०१४ मध्ये गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

याच कायद्याने ग्रामसभेला जंगल आणि वन्यप्राणी राखण्याचा अधिकार दिला आहे. ग्रामसभेत आपण बायाही असतो. तेव्हा एक ठराव आपणच मांडू या. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून आपण झाडाखालचा पाला जाळतो. वारा सुटला की तीच आग गवतात शिरते. रानात चारा उरला नाही, की जनावर आपल्या शेतात येतं. त्यापेक्षा पाला झाडून बाजूला करा, खाली जुनं लुगडं अंथरा. फुलं स्वच्छ मिळतील, आणि सांबराचं गवतही वाचेल.

दीडशे वर्षं आपल्याला कुणी विचारलं नाही. आता विचारतात, तर बोलू या.