अंडी वाढली, रवण गेलं

अंड्यांसाठी परसात कोणती कोंबडी ठेवावी, असं श्रीरामपूरच्या बाजारात बरेच जण विचारतात. उत्तराला थोडं मागं जावं लागतं.

आपल्या आज्यांकडं गावरान होती. १०-१२ अंडी झाली की खुडूक. वर्षाला अंडी ५०-६०च, पण रवण घातलं की २१ दिवसांत पिल्लं घरचीच.

मग पांढरी लेगहॉर्न आली. मूळ इटलीची, लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेली, अमेरिकेत घडवलेली. बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून निवड करत करत तिचा खुडूकपणाच घालवला. अंडी भरपूर झाली, पण पिल्लांसाठी उबवणी केंद्र गाठावं लागलं.

परसात पिंजऱ्यातली कोंबडी निभत नाही, म्हणून फिरून खाणाऱ्या रंगीत जाती काढल्या. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं १९८९ साली गिरिराज दिली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्रानं वनराज आणि ग्रामप्रिया दिल्या. वनराज अंगानं भारी, अंडी शंभरेक. ग्रामप्रिया हलकी, अंडी दीडशेच्या पुढं. पण या साऱ्या संकरित. घरीच अंडी उबवली तर पुढच्या पिढीत तो गुण टिकत नाही, पिल्लं पुन्हा विकतच.

म्हणून माझं सांगणं: अंड्यांसाठी १० ग्रामप्रिया घ्या. सोबत ३ गावरान कोंबड्या आणि त्यांचा कोंबडा वेगळ्या खुराड्यात सांभाळा. गाडी वेळेवर आली नाही, भाव चढले, तरी घरचं बियाणं मोडणार नाही.